विंगेतला डोमा चहांदे

लाखांदूरच्या अलीकडे फाट्यावर उतरून आत गेलं की चिचटोला लागतो. तिथं कोणालाही विचारा, गावच्या नाटकांत आजवर सगळ्यांत जास्त संवाद कोणी म्हटले? लोक एखाद्या जुन्या नटाचं नाव घेतील आणि त्याच्या मिशांचंही वर्णन करतील. खरं उत्तर डोमा चहांदे असं आहे. त्यानं नायकाचे संवाद म्हटले, खलनायकाचे म्हटले, वडशाहून आणलेल्या नायिकेचे तर जराही न लाजता म्हटले. फक्त ते प्रेक्षकांतल्या एकालाही ऐकू आले नाहीत. येऊ नयेत म्हणूनच तर त्याला बसवत. डोमा प्रॉम्प्टर होता.

दिवाळी होऊन लवकर पिकणारा हलका धान घरात आला की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. मंडई म्हटली की दिवसा जत्रा, पाहुणे, सोयरीक जुळवायच्या गोष्टी, आणि रात्री नाटक. गावातली पोरं महिनाभर तालमी करतात. तालमीत चहा होतो, भजी होतात, कोणाला कोणती भूमिका यावरून अबोले धरले जातात आणि पाठांतर तेवढं राहून जातं. नट्या वडशाच्या नाटक कंपनीतून येतात त्या त्याच संध्याकाळी. आदल्या दिवशी त्यांनी वेगळ्याच गावात वेगळंच नाटक केलेलं असतं. मग एवढं मोठं तीन अंकी नाटक उभं कसं राहतं, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. गावातल्या माणसाला पडत नाही, कारण विंगेत डोमा बसलेला असतो.

त्याची बसायची जागा ठरलेली, डाव्या हाताची दुसरी विंग. खाली उलटं घातलेलं लाकडी खोकं, मांडीवर नाटकाचं पुस्तक. हंगामात तो सुपारीचं खांड तोंडात टाकत नसे आणि थंड पाणी पीत नसे. कोणत्या नटाला किती द्यायचं, हे त्याला पक्कं माहीत होतं. एकाला पहिला शब्द पुरे, पुढची गाडी तो आपसूक नेतो. एकाला अख्खं वाक्य तोडून तोडून भरवावं लागतं, लहान लेकराला घास भरवावा तसं. डोमाचा आवाज नटाच्या कानापर्यंत जायचा आणि तिथंच विरायचा, पहिल्या रांगेत गादीवर बसलेल्या पोलीस पाटलाला कधी पोचायचा नाही. मंचावर माईक टांगायला लागले तेव्हा दुसऱ्या गावांच्या प्रॉम्प्टरांची फजिती झाली, लोकांना सगळं दोनदा ऐकू येऊ लागलं. डोमानं आठवडाभरात आवाज आणखी खाली नेला आणि काम चालू ठेवलं.

एका वर्षीची गोष्ट अजून सांगतात. नायकाचं काम करणारा गडी थोडी घेऊन मंचावर आला आणि तिसऱ्या अंकात मारायच्या खलनायकाला त्यानं दुसऱ्याच अंकात गोळी घातली. फटाका वाजला, खलनायक सवयीनं आडवा झाला. आता पुढचा अख्खा अंक करायचा कोणाला घेऊन? नायिका विंगेकडं पाहू लागली. डोमानं पुस्तक मिटलं आणि तिला वाक्य दिलं, "उठा, मामासाहेब. त्या बंदुकीतल्या गोळ्या मी सकाळीच काढून ठेवल्या होत्या." नायिकेनं ते असं काही म्हटलं की मंडपात शिट्ट्या पडल्या. नायिका आतून खलनायकाला सामील आहे, हे लेखकाला कधी सुचलं नव्हतं, ते चिचटोल्यात घडलं. पुढच्या वर्षी शेजारच्या गावानं तेच नाटक लावलं, तर लोकांनी गोळ्या काढून ठेवलेल्या हव्यात म्हणून गलका केला.

एवढं सगळं असून मंडईच्या हँडबिलावर डोमाचं नाव कधी आलं नाही. निर्माता, दिग्दर्शक, नट, नट्या, संगीत, प्रकाश, ध्वनी, एवढंच काय, पाहुण्यांच्या चहापाण्याची सोय कोणाकडं तेही छापलेलं असायचं. मंडळाचा अध्यक्ष भोजराज, गावातला धानाचा व्यापारी, दर वर्षी म्हणायचा, "डोमा, यंदा जागा नाई उरली गा." आणि डोमा म्हणायचा, "राहू द्या जी. ज्या प्रॉम्प्टरचं नाव झालं, थो कच्चा समजा." लोकांना हे बोलणं फार आवडायचं. त्याची बायको पंचफुला मात्र हे ऐकलं की चुलीत जरा जास्तच जोरानं फुंकर घालायची. तिला ठाऊक होतं की दर मंडईला हँडबिल घरी आलं की डोमा ते आधी एकदा सरळ वाचतो आणि मग उलटून मागची कोरी बाजूही बघतो.

पासष्टी ओलांडल्यावर त्याला एकच गोष्ट हवी होती. त्या मंचावरून, मंडईला भरलेल्या माणसांसमोर, कोणीतरी एकदा त्याचं नाव घ्यावं. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. पंचफुलाला सांगायची गरज नव्हती.

सरिता कापगते ही त्याच विंगेत वाढलेली मुलगी. तिचे वडील गावच्या नाटकात नायकाचं काम करायचे आणि आई ललिताबाई बायकांच्या दरीवर धाकट्याला घेऊन बसायची. ही पोर मात्र आईजवळ थांबायची नाही. मग बापानं तिला डोमाच्या शेजारी बसवलं आणि हातात बॅटरी दिली. लाईट गेली की पुस्तकावर उजेड पाडायचा, एवढं तिचं काम. लाईट हमखास जायची, त्यामुळे काम भरपूर असायचं. चहांद्यांच्या माणसाजवळ कापगत्यांची पोरगी बसते म्हणून जातीवरून कोणी नाक मुरडलं असेल तर असो. विंगेत अंधार असतो आणि नाटक चालू असतं, तिथं हे पाहायला कोणाला सवड नसते.

त्या खोक्याजवळ बसून सरितानं प्रत्येक नाटक दोनदा ऐकलं. एकदा डोमाच्या तोंडून हळू, आणि लगेच नटाच्या तोंडून मोठ्यानं. एकदा तिनं बॅटरी धरल्या धरल्याच विचारलं, "काका, तुमी म्हनता तवा रडू येते. बाबा म्हनते तवा नाई येत. काहून?"

"तुया बाप लोकायसाठी बोलते," डोमा म्हणाला. "मी त्या एकल्यासाठी बोलतो. आता उजेड सरळ धर."

पुढं सरिता शिकली, नागपूरला मास्तरीण झाली, लिहू लागली. आणि मागच्या हिवाळ्यात बातमी आली की देशातल्या सगळ्या भाषांमधल्या पुस्तकांना दर वर्षी दिला जाणारा दिल्लीचा मोठा साहित्य पुरस्कार यंदा मराठीत तिच्या कादंबरीला मिळाला. चिचटोल्यात आधी कोणाला नीट कळेना. भोजराजनं सांगितलं, "पूर्ण मराठीतून एकच पुस्तक काढते, समजलं का? पुन्यामुंबईचे सारे मागं राहिले." हे ऐकल्यावर मात्र कळलं. फाट्यावर बॅनर लागला, त्यावर सरिताच्या फोटोपेक्षा भोजराजचा फोटो किंचित मोठा होता.

दिल्लीचा सोहळा गावानं मोबाईलवर पाहिला. डोमाच्या ओसरीवरही पाच-सहा जण जमले. एकामागून एक लेखक येत होते, कोणी मणिपुरी, कोणी तमिळ, कोणी संताली, कोणाच्या खांद्यावर शाल, कोणाच्या डोक्यावर त्यांच्याकडची टोपी. पंचफुला म्हणाली, "एवढ्या भाषा हायेत बाप्पा. आपली झाडीबोली कुठं हाये त्यात?"

"मराठीच्या पोटात," डोमा म्हणाला.

सरिता आली, तिनं कागद पाहून चार वाक्यं वाचली. सगळे तिच्याकडं पाहत होते. डोमा मात्र कान देऊन दुसरंच ऐकत होता. प्रत्येक लेखकाबद्दल कोणीतरी एक सुंदर मजकूर वाचत होतं, आवाज स्वच्छ, सावकाश, प्रत्येक नाव नीट उच्चारलेलं. त्या वाचणाऱ्याचं तोंड शेवटपर्यंत दिसलं नाही. डोमाला त्या माणसाबद्दल फार आपलेपणा वाटला.

कादंबरी गावात आली ती झेरॉक्सच्या दुकानात पहिली पोचली. नाटकाच्या हंगामात गावोगाव फिरणाऱ्या एका नटीची गोष्ट होती. चहाच्या टपरीवर लोक म्हणाले, "डोमा, तुया उल्लेख असनच मंग." डोमा म्हणाला, "असन ना," आणि तो रोज ओसरीवर चष्मा लावून वाचायला बसला. पुस्तकात मेकपवाला होता, पेटीमास्तर होता, पडदे ओढणारा होता, भज्यांच्या गाडीवरची म्हातारीसुद्धा होती. प्रॉम्प्टर नव्हता. नाटकाच्या जगावर एवढं जाड पुस्तक आणि त्यात प्रॉम्प्टरच नाही. त्यानं पुस्तक मिटून कोनाड्यात ठेवलं. टपरीवर कोणी विचारलं तर तो म्हणायचा, "अजून वाचून राहिलो." आठ महिने तो वाचूनच राहिला होता.

गावचा सत्कार लगेच झाला नाही, कारण चिचटोल्यात मोठं काही करायचं ते मंडईला. लेकी माहेरी येतात, जावई येतात, मंच आधीच बांधलेला असतो, वेगळा मंडप घालायचं काम वाचतं. म्हणून दिल्लीनं दिलेल्या सन्मानावर गावाची शाल पडायला दिवाळी उलटावी लागली. नाटकाच्याच मंचावर, भर दुपारी सत्कार, असं ठरलं. हँडबिलावर सरिताचं नाव सगळ्यांत वर छापलं. डोमानं हँडबिल सरळ वाचलं, मग उलटून पाहिलं.

मंडईच्या दोन दिवस आधी सरिता त्याच्या ओसरीवर आली. पंचफुलाच्या पाया पडली, ललिताबाईंनी दिलेला चिवडा ठेवला आणि खाटेवर न बसता सरळ त्याच्या पायाशी जमिनीवर बसली. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "काका, एक काम होतं. नाई म्हनू नका."

"सांग ना, सरू."

"दिल्लीत मी कागद पाहून बोलली. तिथं चालते. इथं मायसमोर, गावासमोर कागद धरला तर मलेच कसंतरी वाटन. आन पाठ केलं तरी त्या मंचावर उभी राहिली का मी सारं भुलनार, मले माहीत हाये. तुमी माह्या भाषनाले बसान का? आपल्या त्याच विंगेत."

डोमानं हात पुढं केला आणि तिनं घड्या घातलेले कागद त्याच्या हातावर ठेवले. तो म्हणाला, "हे का पुसनं झालं?" दिल्लीहून मान घेऊन आलेली बाई त्याच्याकडं आली होती, भोजराजकडं नाही. ती गेल्यावर त्यानं कागदांच्या घड्या मांडीवर सरळ केल्या.

प्रॉम्प्टर कधी आयत्या वेळी पुस्तक उघडत नाही. त्यानं चष्मा लावून भाषण मोठ्यानं वाचायला घेतलं आणि पंचफुला सूप बाजूला ठेवून ऐकू लागली. भाषण चांगलं होतं, त्याला ते लगेच कळलं. मग आभार आले. आई ललिताबाई. वडील. चौथीचे गुरुजी. लाखांदूरच्या वाचनालयात तिला घरी न्यायला बंदी असलेली पुस्तकंही नेऊ देणारी बाई. पावसात थांबून तिच्यासाठी एसटी उभी ठेवणारा कंडक्टर. वडशाच्या कंपनीतली एक म्हातारी नटी. "एवढं बोलून मी थांबते."

डोमानं शेवटचा कागद उलटून पाहिला.

"एखादं पान खाली पडलं असन," पंचफुला म्हणाली आणि तिनं स्वतः वाकून खाटेखाली पाहिलं. खाटेखाली फक्त त्याच्या वहाणा होत्या. मग तिचा पारा चढला. "कंडक्टर आठवला तिले. बॅटरी कोनाच्या पुस्तकावर धरत होती थे नाई आठवलं?"

"राहू दे."

"काहून राहू दे? तुमीच टाका ना तुमचं नाव. ती तुमी देसान थेच म्हननार. कोनाले समजते?"

"लिवलेलं नाई थे मी देत नाई."

"बंदुकीतल्या गोळ्या कुठं लिवल्या होत्या?"

डोमा उठून तळ्याच्या पाळीवर गेला. पाळीपलीकडं उशिरा पिकणारा जड धान अजून उभा होता. एक वाक्य, तो मनाशी म्हणाला. कंडक्टरच्या मागं आणि नटीच्या पुढं एक वाक्य बसतं, सहज बसतं, जोड दिसणारसुद्धा नाही. अशी वाक्यं त्यानं दुसऱ्यांसाठी कितीतरी घातली होती. स्वतःसाठी एक घालायला काय हरकत आहे? हे त्याला पटत होतं आणि पटतंय म्हणूनच स्वतःचा राग येत होता. घरी आल्यावर त्यानं पंचफुलाला सांगितलं, "जसं लिवलं तसंच देईन." तिनं त्याचा टेरिकॉटचा पांढरा सदरा धुऊन दांडीवर टाकला.

मंडईच्या दिवशी गाव माणसांनी फुलून गेलं. जिलेबीच्या कढया, पानठेले, बांगड्यांची दुकानं, एका बाजूला दंडार या लोकनाट्याचा ढोल. दुपारी मंचासमोर दऱ्या घातल्या आणि लोक बसले, कारण उन्हात दुसरीकडं कुठं सावलीही नव्हती. प्रमुख पाहुण्यांनी साहित्यावर बोलतो म्हणून सुरुवात केली आणि मंचासाठी आपण दिलेल्या पत्र्यांवर येऊन थांबले. भोजराजनं शाल दिली, श्रीफळ दिलं, फोटो निघाले, एक फोटो पुन्हा काढावा लागला. डोमा या सगळ्याच्या आधीपासून डाव्या हाताच्या दुसऱ्या विंगेत खोक्यावर बसला होता. दिवसाउजेडी विंगेत बसायची त्याला सवय नव्हती. फटीतून ऊन थेट कागदावर पडत होतं, बॅटरीची गरज नव्हती.

सरिता माईकपुढं आली. डोमानं पहिला शब्द दिला आणि तिनं उचलला.

चार वाक्यांत त्याला कळलं की ही पहिल्या शब्दावर चालणारी आहे. ती छान बोलू लागली. गावच्या बोलीत बोलत होती. दऱ्यांवरच्या बायका आधी लाजल्या, मग हसल्या, मग गप्प होऊन ऐकू लागल्या. दिल्लीत तिच्या शेजारी बसलेल्या बाईची भाषा तिला येत नव्हती आणि त्या बाईला हिची येत नव्हती, तरी दोघींनी आपापल्या आईचे फोटो एकमेकींना दाखवले, हे सांगितलं तेव्हा ललिताबाईंनी पदर डोळ्याला लावला. डोमा शब्द देत होता, ती घेत होती. त्याला फार बरं वाटत होतं, आणि आभाराचं पान जवळ येत होतं.

ललिताबाई झाल्या. वडील झाले. गुरुजी झाले, वाचनालयाची बाई झाली. आता पुढचा शब्द 'कंडक्टर' होता.

डोमाचं तोंड उघडलं, पण शब्द बाहेर आला नाही.

त्यानं ठरवून केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल आणि आपोआप झालं असं म्हणणं खोटं. शब्द त्याच्या जिभेवर होता. तो द्यायचा नव्हता, एवढंच. एवढ्या वर्षांत नट प्यालेले होते, पडदे फाटले होते, एकदा तर मंचाची फळी मोडून नायक खाली गेला होता, पण डोमानं शब्द दिला नाही असं कधी झालं नव्हतं. आज तो कागद धरून बसला होता आणि गप्प होता.

सरिता थांबली. तिनं मान जराशी डावीकडं केली. मंडपात शांतता झाली. आधी लोकांना वाटलं बाईला भरून आलं आहे, मग वाटेना. कोणीतरी खाकरलं. भोजराज खुर्चीत पुढं सरकला. फटीतून डोमाला तिचा फक्त कान आणि हात दिसत होता, आणि त्या हातानं पदराचं टोक पक्कं आवळलं होतं. बॅटरी धरलेली असताना डास चावला तरी हात हलू द्यायचा नाही म्हणून ती असंच फ्रॉकचं टोक दुसऱ्या हातात आवळायची.

"कंडक्टर," डोमा म्हणाला. "पावसात... एसटी उभी ठेवनारे कंडक्टर..."

तिनं तो उचलला. बोलणं पुन्हा चालू झालं, लोक सैल झाले. कंडक्टर झाला, म्हातारी नटी झाली. सही करून द्यायला सांगितलं असतं तर डोमानं त्या क्षणी लिहून दिलं असतं की आजपासून आपण या खोक्यावर बसायच्या लायकीचे नाही. शेवटचं वाक्य उरलं होतं ते त्यानं नीट, सावकाश दिलं, "एवढं बोलून मी थांबते."

तिनं ते घेतलं नाही.

ऐकू गेलं नसेल म्हणून त्यानं पुन्हा दिलं. सरितानं विंगेकडं न पाहता मान नकारार्थी हलवली, अगदी थोडी, फक्त त्याला दिसेल एवढी. मग ती स्वतःहून बोलू लागली.

"आता मघाशी मी अडकली, थे तुमी साऱ्यायनं पाहिलं. तोंडातला शब्द गेला. मंग एक आवाज आला आन मी पुढं गेली. थो आवाज तुमाले कोनाले आयकू नाई आला. मले आला. लहानपनापासून येऊन राहिला."

डोमानं कागदावर पाहिलं. हे कागदावर नव्हतं. त्यानं मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं.

"माह्या पुस्तकात पेटीमास्तर हाये, पडदेवाला हाये. लोक मले पुसतात, प्रॉम्प्टर काहून नाई? दिल्लीतबी एकानं पुसलं. मी त्यायले सांगितलं, थे पूर्न पुस्तक जो सांगून राहिला, थोच प्रॉम्प्टर हाये. विंगेत बसून जेवढं दिसते, तेवढंच त्या पुस्तकात हाये. जसं थ्यायनं मले एकलीले, हळू आवाजात सांगितलं, तसंच मी लिवलं. मी फक्त बॅटरी धरली."

बायकांच्या दरीवर पंचफुला उभी राहिली होती, तिचं तिलाही कळलं नव्हतं.

"हे भाषन मी त्यायच्याच हातात दिलं," सरिता म्हणाली. "पन एक वाक्य लिवलं नाई. मुद्दाम नाई लिवलं. लिवलं असतं तर थ्यायनं थे खोडून टाकलं असतं, मले दिलंच नसतं. म्हनून थे एकच वाक्य मी पाठ केलं."

विंगेत डोमानं डोळे मिटले. तो शब्द आपण गिळला होता, आणि का गिळला होता, हे तिला कधी कळणार नव्हतं, आणि ती त्याला इतका चांगला समजून बोलत होती की त्याला ऐकवेना. उठून जावंसं वाटलं. पण मंचावर कोणी बोलत असताना प्रॉम्प्टर उठत नाही. तो बसून राहिला, मान खाली घालून, मांडीवरचे कागद दोन्ही हातांनी धरून. त्या मंचावर उच्चारला जाणारा प्रत्येक शब्द आजवर त्याला आधी ठाऊक असायचा, बाकीच्यांना मग. आज पुढं काय येणार हे त्याला ठाऊक नव्हतं. दरीवर बसलेल्या कोणाही माणसासारखा तो वाट पाहत होता.

"त्यायचं नाव डोमा चहांदे," सरिता म्हणाली.

आणि विंगेत, जुन्या सवयीनं, त्याचे ओठ हलले. ते वाक्य त्यानंही म्हटलं, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, पण या खेपेला तिच्या मागून.